ब्लाँ द ब्लाँ आणि ब्लाँ द न्वार: दोन शॅम्पेन शेजारी ठेवून पारखायची रीत

काळ्या द्राक्षाचा एक मणी दोन बोटांत धरून अलगद दाबा. बाहेर येणारा रस जवळजवळ बिनरंगी असतो, रंग सगळा सालीत. फ्रान्सच्या ईशान्येकडच्या शॅम्पेन प्रांतात पिकणाऱ्या पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचंही असंच आहे. घड हलक्या हाताने दाबले आणि सालीला रसात मुरायला वेळच दिला नाही, तर काळ्या द्राक्षांची पांढरी वाइन होते. तिला म्हणतात ब्लाँ द न्वार, म्हणजे 'काळ्यांपासून पांढरी'. आणि जी मुळातच पांढऱ्या द्राक्षांची, बहुतेक वेळा निव्वळ शार्दोनेची, ती ब्लाँ द ब्लाँ, 'पांढऱ्यांपासून पांढरी'.

दोघींचा प्रांत एक, पद्धत एक, नियम एक. बदलतं ते द्राक्ष. पारंपरिक पद्धतीच्या, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या, फेसाळ वाइनची तुलना शिकायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही. पण नुसत्या दोन बाटल्या आणून उघडल्या म्हणजे तुलना झाली असं होत नाही. माझ्या पहिल्या खेपेला ब्लाँ द ब्लाँ लिटरला ३ ग्रॅम साखरेची होती आणि ब्लाँ द न्वार १० ग्रॅमची. 'शार्दोने धारदार, पिनो गोलसर' असं मी वहीत ठामपणे लिहून ठेवलं. पुढे दोन्हीकडे सारख्याच साखरेच्या बाटल्या मिळाल्या, तेव्हा पिनोची ती गोलाई निम्म्याहून जास्त ओसरलेली दिसली. त्या दिवशी वहीत द्राक्ष उतरलंच नव्हतं, उतरली होती साखर. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मी बाटल्या निवडण्याला दिली आहे. चाखणं त्या मानाने सोपं आहे.

आधी दोघींमध्ये सारखं काय आहे ते

शॅम्पेनमध्ये द्राक्षं हातानेच तोडावी लागतात, यंत्राने तोडणीला परवानगी नाही. घड अख्खे दाबतात. एका वेळी ४,००० किलो द्राक्षं दाबायची आणि त्यातून २,५५० लिटर रस घ्यायचा, हे प्रमाण ठरलेलं. त्यातला पहिला २,०५० लिटर रस सर्वांत उत्तम, त्याला क्यूव्हे म्हणतात. नंतरचा ५०० लिटर ताय. पहिला रस सालीला फारसा न चोळता निघतो. काळ्या द्राक्षांच्या बाबतीत हा नियम जिवाचा आहे, कारण दाब वाढला की रंग आणि तुरटपणा दोन्ही रसात उतरतात.

रस आंबवून आधी साधी, बिनफेसाची वाइन करतात. मग तिच्यात यीस्ट आणि लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर घालून बाटली बंद करतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते. दर ४ ग्रॅम साखरेमागे साधारण १ बार दाब तयार होतो, म्हणजे एकूण ६ बारच्या आसपास. काम संपलेलं यीस्ट बाटलीच्या पोटात साक्यासारखं बसतं आणि त्याच्या पेशी हळूहळू फुटून वाइनमध्ये विरघळत राहतात. भाजलेल्या पावाचा, बिस्किटाचा, सुक्या मेव्याचा वास येतो तो मुख्यतः इथून. वर्ष न लिहिलेल्या शॅम्पेनला बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने थांबावं लागतं, त्यातले १२ महिने साक्यावर. वर्ष लिहिलेलीला किमान ३ वर्षं.

शेवटी बाटली हळूहळू उलटी करत साका मानेत आणतात, मान गोठवून तो काढून टाकतात. या क्रियेला देगोर्जमाँ म्हणतात. रिकाम्या झालेल्या जागेत थोडी वाइन आणि थोडी साखर भरतात, त्या साखरेला म्हणतात दोझाज. या दोन गोष्टी लक्षात असू द्या, बाटल्या निवडताना लागणार आहेत.

पायरी पहिली: बाटल्या निवडणं

द्राक्ष वगळता बाकी सगळं जितकं सारखं ठेवता येईल तितकं ठेवायचं, एवढाच नियम. पाळायला मात्र अवघड.

सुरुवात उत्पादकापासून करा. एकाच घराण्याच्या दोन्ही शैली मिळाल्या तर त्याच घ्या. लाकडी पिंपात आंबवायचं की स्टीलच्या टाकीत, वाइनमधलं तीक्ष्ण मॅलिक आम्ल सौम्य लॅक्टिक आम्लात बदलू द्यायचं की नाही, जुन्या वर्षांची राखीव वाइन किती मिसळायची, हे निर्णय घराण्याचे असतात आणि ते बहुधा दोन्ही बाटल्यांना लागू पडतात. मॅलिकचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. ते आम्ल तसंच ठेवलेली ब्लाँ द न्वार आणि ते बदलू दिलेली ब्लाँ द ब्लाँ शेजारी ठेवलीत, तर अपेक्षेच्या अगदी उलट निकाल हाती येईल. एकाच उत्पादकाच्या मिळाल्या नाहीत, तर निदान एकाच प्रकारच्या उत्पादकांच्या घ्या. लेबलवर बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांकाआधी दोन अक्षरं असतात: आरएम म्हणजे स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची वाइन स्वतःच करणारा शेतकरी, एनएम म्हणजे द्राक्षं विकत घेऊ शकणारं व्यापारी घराणं, सीएम म्हणजे सहकारी संस्था. त्यावरून दर्जा कळत नाही, पण बाटलीमागचं काम कुठल्या धर्तीचं आहे याचा अंदाज येतो.

मग साखर. ब्रूत नात्यूर म्हणजे वरून साखर न घातलेली, लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी. एक्स्ट्रा ब्रूत ० ते ६ ग्रॅम. ब्रूत १२ ग्रॅमपेक्षा कमी. गोम अशी की दोन्ही बाटल्यांवर 'ब्रूत' लिहिलेलं असलं तरी एकीत ५ आणि दुसरीत ११ ग्रॅम असू शकतात. नेमका आकडा छापायची सक्ती नाही, तरी बरेच उत्पादक मागच्या लेबलवर तो देतात. आकडे छापलेल्या बाटल्या निवडा, फरक २ ग्रॅमच्या आत ठेवा. जमलं तर दोन्ही एक्स्ट्रा ब्रूत घ्या. साखर जितकी कमी, तितकं द्राक्ष उघडं पडतं.

त्यानंतर वय. एकीवर वर्ष आहे आणि दुसरीवर नाही, ही जोडी घेऊ नका. वर्षवाली बाटली साक्यावर जास्त काळ राहिलेली असते, त्यामुळे तिचा भाजका, लोण्यासारखा वास तुम्ही भोळेपणाने द्राक्षाच्या खात्यात टाकाल. देगोर्जमाँची तारीखही पाहा. ती मागच्या लेबलवर, कधी बुचावर, कधी कोडमागे दडलेली असते. साका काढल्यानंतर पहिले काही महिने वाइन थोडी बिथरलेली, तुटक लागते, पुढे सावरते. दोन बाटल्यांच्या तारखांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको.

आता द्राक्ष. ब्लाँ द ब्लाँ शार्दोनेचीच असते असं आपण धरून चालतो आणि शंभरातल्या बहुतेक बाटल्यांना ते लागूही पडतं. पण नियमाने पिनो ब्लाँ, आर्बान, पती मेलिए ही पांढरी द्राक्षंही चालतात. तेव्हा पहिल्या तुलनेसाठी 'शंभर टक्के शार्दोने' असं स्पष्ट लिहिलेली घ्या. ब्लाँ द न्वारमध्ये ही खबरदारी दुप्पट हवी, कारण तिथे दोन काळी द्राक्षं आहेत. पिनो न्वार भरीव, दमदार. मुनिए अधिक फळाळ, मऊ, लवकर तयार होणारं. मुनिए म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा. या वेलीच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते, त्यावरून ते नाव पडलं. कोंब उशिरा फुटत असल्यामुळे हिमकडाक्यात ती तग धरते, म्हणून मार्न नदीच्या खोऱ्यातल्या थंड जागांवर तिच्या बागा दिसतात. निव्वळ मुनिएची ब्लाँ द न्वार सुंदर असते, पण तिची पारख वेगळ्या बैठकीत करा. इथे पिनो न्वारच घ्या.

राहता राहिली जमीन. ही सारखी ठेवणं खरं तर शक्य नाही, आणि ते का शक्य नाही हे समजून घेण्यासारखं आहे. शार्दोनेचं माहेर म्हणजे एपर्ने शहराच्या दक्षिणेला पसरलेला कोत दे ब्लाँ हा उतार: क्रामाँ, आवीझ, ओजेर, ल मेनिल-स्यूर-ओजेर ही तिथली गावं. खाली शुद्ध खडूचा दगड. एका घनमीटर खडूत ३०० ते ४०० लिटर पाणी मुरून राहू शकतं, म्हणून कोरड्या उन्हाळ्यातही वेलींना ओल मिळते. पिनो न्वारची मोठी गावं त्याच्या उत्तरेला, रँस शहराजवळच्या डोंगराभोवती: आंबोने, बूझी, वेर्झने, आणि मार्नच्या काठावरचं आई. खडू इथेही आहे, पण उतारांची तोंडं आणि मातीचा थर वेगळा. आणखी एक पिनो न्वार येतो तो पार दक्षिणेकडून, ओब जिल्ह्यातल्या कोत दे बारमधून. तिथे खडू नाही. शाब्ली या वाइन प्रांतात असते त्या जातीची, किमेरिजियन या भूगर्भीय काळातली चुनखडीयुक्त चिकणमाती आहे, आणि ऊनही थोडं जास्त. तिथली ब्लाँ द न्वार पिकल्या फळाकडे झुकते.

द्राक्षं आपापल्या आवडत्या जमिनीवर लावलेली असल्यामुळे तुलनेत जमीन थोडी येणारच. निदान दोन्ही ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, गावांतल्या घेता आल्या तर उत्तम. शॅम्पेनमधल्या तीनशेहून अधिक गावांपैकी फक्त १७ गावांना तो दर्जा आहे. एक आवीझची आणि एक आंबोनेची घेतलीत तर पहिल्या बैठकीला याहून जास्त काही मागू नये.

या विचाराचं टोक पाहायचं असेल तर क्रूग या घराण्याकडे बघावं. त्यांच्या दोन बाटल्या प्रत्येकी एकाच द्राक्षाच्या, एकाच भिंतबंद बागेच्या, एकाच वर्षाच्या असतात. क्लो द्यू मेनिल ही १.८४ हेक्टरची शार्दोनेची बाग, तिची भिंत १६९८ सालची, पहिली वाइन १९७९ च्या हंगामाची. क्लो दांबोने ही अवघ्या ०.६८ हेक्टरची पिनो न्वारची बाग, पहिला हंगाम १९९५. आवाक्याबाहेरच्या बाटल्या आहेत त्या. पण घर तेच, हात तेच, आणि द्राक्ष वेगळं, हा त्यामागचा विचार आपल्याला साध्या बाटल्यांनाही लावता येतो.

पायरी दुसरी: थंड करणं आणि ग्लास

बर्फ आणि पाणी अर्धं अर्धं घातलेल्या भांड्यात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी अर्धा तास ठेवा. नुसता बर्फ घातला तर बाटलीला तो जागोजागीच टेकतो आणि गारवा सगळीकडे सारखा लागत नाही, पाणी हवंच. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर तीन-चार तास. फ्रीझर नको. लक्ष्य ८ ते १० अंश. एक बाटली ७ अंशावर आणि दुसरी ११ वर असेल तर तेवढ्याने निकाल फिरतो, कारण गार वाइन नेहमीच जास्त तडफदार आणि कमी सुवासिक लागते.

ग्लास दोन्हीकडे अगदी एकसारखे हवेत: पोट थोडं फुगीर, तोंड आत वळलेलं. उंच बारीक नळीसारख्या ग्लासात वास कोंडतो, पसरट बशीसारख्यात तो उडून जातो. ग्लास गरम पाण्याने भरपूर विसळून उपडे घालून वाळवा. साबणाचा अंश राहिला तर फेस मरतो.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करायला हवा. बुडबुड्यांच्या माळा बघून 'ही वाइन जास्त नाजूक' असं आपण पटकन म्हणतो. रँस विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी याचा आयुष्यभर अभ्यास केला आहे. ग्लासातल्या माळा सुरू होतात त्या बहुतांशी काचेला चिकटलेल्या कापसाच्या किंवा कागदाच्या सूक्ष्म तंतूंमधल्या हवेपासून. म्हणजे एकाच बाटलीतली वाइन दोन ग्लासांत ओतली तरी माळा वेगळ्या दिसतात. बुडबुड्यांवरून द्राक्ष ओळखायच्या फंदात डोळ्यांनी पडू नका. फेस पारखायचा तो जिभेने.

पायरी तिसरी: उघडणं आणि ओतणं

बाटली ४५ अंशांत कलती धरा, तोंड माणसांपासून दूर. सोनेरी कागद काढा. अंगठा बुचावर घट्ट दाबून ठेवत बुचावरच्या तारेची कडी सहा अर्धे फेरे देऊन सैल करा, पण तार काढू नका. आता एका हाताने बूच आणि तार मिळून घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बाटलीचा बूड फिरवा. फिरवायची बाटली, बूच नव्हे. आतला दाब बूच आपोआप वर रेटू लागतो. तळहाताला तो रेटा स्पष्ट जाणवतो आणि त्या क्षणी हाताने उलट दाबून त्याला अडवत, तसूतसूने बाहेर येऊ द्यायचं. नीट जमलं तर धडाम आवाज येत नाही, नुसता एक लांब उसासा ऐकू येतो. यात शिष्टाचारापेक्षा गरज मोठी आहे: एक बाटली फेसासकट उसळली आणि दुसरी शांतपणे उघडली, तर दोघींत शिल्लक राहिलेला वायू वेगळा होतो आणि तोंडात त्यांचा फेसही वेगळा लागतो.

ओतताना ग्लास कलता धरून वाइन काचेवरून अलगद उतरवा. लिजे-बेलेर यांच्या गटाने २०१० साली हेच मोजून दाखवलं: उभ्या ग्लासात मधोमध ओतण्यापेक्षा कलत्या ग्लासात ओतल्याने विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त टिकतो. प्रत्येक ग्लासात ६० मिली पुरे.

पहिला वास दोन्हींचा घ्या तो दोष तपासायला. ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट वास आला तर बूच खराब आहे. उकडलेल्या कोबीसारखा, कुबट वास आला तर बाटलीवर उजेड पडलेला असू शकतो. पारदर्शक काचेच्या बाटल्यांना हा धोका जास्त, आणि ब्लाँ द ब्लाँ पुष्कळदा तशाच काचेत भरतात. सदोष बाटली हाती आली तर बैठक त्या दिवशी थांबवा.

पायरी चौथी: चाखणं

ग्लासांखाली पांढरा कागद ठेवा, डावीकडे ब्लाँ द ब्लाँ. शार्दोनेत बहुधा फिकट पोपटी छटा असते. पिनो न्वारच्या वाइनला थोडं गडद सोनं असतं, कधी कडेला तांब्याची किंवा कांद्याच्या सालीची अगदी पुसट झाक. ती झाक म्हणजे दाबताना सालीने केलेला स्पर्श.

मग वास. ग्लास न हलवता घ्या, कारण फेसच वास वर आणत असतो. तरुण ब्लाँ द ब्लाँमध्ये लिंबाची साल, हिरवं सफरचंद, पांढरी फुलं, ओल्या खडूचा कोरा वास शोधा. वय वाढलं की तिच्यात लोणी, भाजलेला पाव, हेझलनट येतात. ब्लाँ द न्वारमध्ये नाशपाती, पिवळा प्लम, आणि ग्लास थोडा तापल्यावर स्ट्रॉबेरी किंवा चेरीची चाहूल. लाल फळ पहिल्या वासातच शोधायला गेलात तर सापडत नाही आणि मन खट्टू होतं. पाच मिनिटं जाऊ द्या. याद्या मी अंदाज यावा म्हणून दिल्या आहेत. तुम्हाला लिंबाऐवजी कच्च्या पेरूचा वास आला तर तोच लिहा.

खरा फरक तोंडात कळतो, आणि तो वासात नव्हे, आकारात असतो. घोट घ्या, तोंडभर फिरवा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला: आंबटपणा कुठे बसतो? चांगल्या ब्लाँ द ब्लाँमध्ये तो जिभेच्या कडांना धरून शेवटपर्यंत जातो, गिळल्यावर तोंडाला पाणी सुटत राहतं, फार तरुण असेल तर दात आंबतात. ब्लाँ द न्वारमध्ये आंबटपणा असतोच, पण त्याच्याभोवती मांस असतं. दुसरा: घोटाचं पोट किती? म्हणजे तोंडात घेतल्यावर आणि गिळण्याच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत काय होतं? पिनो न्वार तिथेच भरते, रुंदावते. शार्दोने तिथे सडपातळ राहते आणि शेवटाकडे लांबत जाते. तिसरा: गिळल्यावर काय उरतं? पिनोत कधी कधी हिरड्यांवर किंचित तुरट पकड जाणवते, शार्दोनेत खारट-खडूसारखा कोरडेपणा. दुसऱ्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त विसंबतो. वास फसवतो, साखर फसवते, घोटाचं पोट सहसा फसवत नाही.

आधी ब्लाँ द ब्लाँ, मग ब्लाँ द न्वार, मग पुन्हा मागे. उलट क्रमाने सुरुवात केली तर भरीव वाइननंतर सडपातळ वाइन उगाच पोकळ लागते. मध्ये साधं पाणी आणि बिनखारट पाव. थुंकायला भांडं जवळ ठेवा. १२ ते १२.५ टक्के अल्कोहोल असलेल्या फेसाळ वाइनचे दहा घोट पोटात गेले की अकराव्या घोटाचं मत ग्राह्य धरता येत नाही.

वीस मिनिटांनी, वाइन १२ अंशांकडे सरकली की, सगळं पुन्हा एकदा करा. गारव्यात ब्लाँ द ब्लाँ भाव खाऊन जाते, उबेला ब्लाँ द न्वार उलगडते. थंडगार असतानाच निकाल देणाऱ्यांनी पिनोवर अन्याय केलेला असतो.

पायरी पाचवी: डोळे झाकून

लेबल दिसत असेल तर आपण लेबलच चाखतो. सोबत्याला सांगा, पाठ फिरवून तीन ग्लासांत ओतायला: दोन ग्लासांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. रंग ओळखू येऊ नये म्हणून दिवा मंद करा. तुमचं काम एकच, वेगळा ग्लास काढायचा. नुसत्या नशिबाने तो तीनात एकदा बरोबर येतो. म्हणून हे तीनदा करा. तिन्ही वेळा नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सत्तावीसात एक. प्रत्येक ग्लासात ३० मिली ओतलं तरी भागतं. वेगळा ग्लास सापडला की मगच सांगा त्यातली शार्दोने कुठली. फरक ओळखता येणं आणि फरकाला नाव देता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, पहिलं बरंच आधी येतं.

पायरी सहावी: फेस मारून

ही पायरी सहसा कुणी करत नाही, आणि मला तीच सर्वांत शिकवणारी वाटते. दोन्ही वाइन १०० मिली काढून वाडग्यात ओता, चमच्याने फेस जाईपर्यंत ढवळा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बुडबुड्यांचा बुरखा गेला की खाली वाइन उरते. शार्दोने आता लिंबासारखी उघडी, जवळजवळ कडक लागते. पिनोमध्ये फळाचा गर आणि हलका तुरटपणा स्वच्छ कळतो.

याच बिनफेसाच्या वाइनमध्ये साखरेचा खेळ पाहून घ्या. १०० मिली ब्लाँ द ब्लाँमध्ये अर्धा ग्रॅम साखर विरघळवली की लिटरमागे ५ ग्रॅमची भर पडते, म्हणजे एक्स्ट्रा ब्रूतची ब्रूत झाली. मूळ वाइनशेजारी ठेवून चाखा. कडा बोथट होतात, मधला भाग भरल्यासारखा वाटतो. ही गोलाई साखरेची. मग पिनोचा घोट घ्या आणि त्याची गोलाई ताडून बघा: साखरेची गोलाई जिभेच्या पुढच्या भागावर लवकर येते आणि लवकर जाते, द्राक्षाची मागून येते आणि रेंगाळते. हा भेद एकदा जिभेला कळला की पुढच्या प्रत्येक बाटलीत उपयोगी पडतो.

जेवणाशी जोडायचं तर

कच्चे कालव, वाफवलेले मासे, लिंबू पिळून खायचं काहीही असलं की ब्लाँ द ब्लाँ. कोंबडी, मशरूम, शॅम्पेनच्याच सीमेवरचं शाउर्स हे मऊ चीज असलं की ब्लाँ द न्वार. यापलीकडे नियम करत बसण्यात मला अर्थ वाटत नाही.

शेवटची पायरी: मिसळून

बैठक संपवण्याआधी प्रत्येक बाटलीत थोडी वाइन राखून ठेवा. एका स्वच्छ ग्लासात दोन्ही निम्मी निम्मी घाला, काचेवरून अलगद. शॅम्पेनमधल्या बहुतेक बाटल्या मुळात मिश्रणाच्याच असतात. ते मिश्रण करतात बिनफेसाच्या वाइनचं, बाटलीत भरायच्या आधी, आपण ते उलट टोकाकडून करतोय. तरीही घोट घेतल्यावर दिसतं की शार्दोनेने शेवट लांबवला आणि पिनोने मध्य भरला. मग ७० टक्के पिनो आणि ३० टक्के शार्दोने करून बघा, मग उलट. कुठल्या प्रमाणाला तुमचा हात पुन्हा पुन्हा जातो ते लिहून ठेवा, आणि पुढची साधी ब्रूत घेताना मागच्या लेबलवरचे द्राक्षांचे टक्के त्या आकड्याशी लावून पाहा.